कुणाला किती गार

एसीवाला: ...आणि मग हे सगळं वरच्या वर झाकून जातं, काका. पाइप दिसणार नाही, वायर दिसणार नाही. दिसणार फक्त जाळी. पाहुणे विचारतील, गारवा येतोय तरी कुठून?

सासरे: आमच्याकडे असले पाहुणे येत नाहीत.

सून: बाबा!

सासरे: खरं तेच सांगतोय. येतात, चहा पितात, जातात. छताकडे कोण बघतं?

एसीवाला: छत तेवढं जरा खाली येईल. दीड वीत धरा. वरून डक्ट जातो ना. डक्ट म्हणजे पत्र्याचा चौकोनी बोगदा समजा. त्यातून गार हवा प्रत्येक खोलीत.

सासरे: म्हणजे रात्री डोक्यावर बोगदा. आणि त्यात उंदीर शिरला तर?

एसीवाला: शिरेल कसा काका? सगळीकडून बंद असतो.

सासरे: हे उंदराला सांगितलंय कुणी?

सून: तुम्ही पुढे बोला हो. बाबांना नव्या वस्तूत आधी उंदीर दिसतो. फ्रीज आणला तेव्हाही उंदीर होता.

सासरे: होता म्हणजे? मागची वायर कुरतडली त्याने. तूच झाडूनं हाकललास.

सून: बरं, होता. पुढे?

एसीवाला: तर एक मशीन वर गच्चीत, एक इथे पॅसेजच्या माळ्यावर. माळा रिकामा करावा लागेल. दिवाणखान्यात भिंतीवर एक बटण. दाबलं की अख्खं घर गार. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, झोपायच्या तिन्ही खोल्या. कुठूनही कुठेही जा, सारखंच वाटणार.

सासरे: आवाज?

एसीवाला: नाहीच. ते तर या सिस्टिमचं वैशिष्ट्य. रात्री घड्याळाची टिकटिक ऐकू येईल, एवढी शांतता.

सासरे: छान. म्हणजे मी घड्याळ ऐकत पडायचं.

एसीवाला: अं?

सून: काही नाही. अहो, बाबांच्या खोलीतला आत्ताचा एसी ऐकलात ना तुम्ही? पिठाची गिरणी बरी. लग्न होऊन मी आले त्याच्याही आधीचा आहे तो.

एसीवाला: मघाशी पाहिला. खिडकीतला. एवढा जुना मी नुसता फोटोत पाहिला होता. एवढ्या मोठ्या घरात तेवढा एकच आहे?

सून: एकच. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. दर उन्हाळ्यात काय व्हायचं, आम्ही सगळे गाद्या घेऊन बाबांच्या खोलीत. हे, मी, दोन्ही मुलं, सगळे खाली जमिनीवर. आई-बाबा पलंगावर. दार लावायचं आणि ती गिरणी सुरू करायची. आई यंदाच्या थंडीत गेल्या. मग म्हटलं, आता बाबांना तरी त्रास नको. घरभरच करून घेऊ.

एसीवाला: शंभर टक्के बरोबर विचार केलात, ताई. वयस्कर माणसाला आपली अशी शांत जागा हवी.

सासरे: तुम्हाला कुणी सांगितलं?

एसीवाला: काय?

सासरे: शांत जागेचं.

एसीवाला: नाही, आपलं जनरल बोललो. दुसरा प्रकारही आहे काका, बोगदा नसलेला. गच्चीत एकच मोठं मशीन, पण खाली प्रत्येक खोलीत वेगळं छोटं. ज्याचा त्याचा रिमोट. माझ्या खोलीत मला हवं तेवढं, तुमच्या खोलीत तुम्हाला.

सासरे: आणि मधे काय? गच्चीतलं खाली येणार कसं?

एसीवाला: तांब्याचे पाइप. भिंतीला भोक पाडून.

सासरे: किती भोकं?

एसीवाला: प्रत्येक खोलीला एक. शिवाय पाणी बाहेर जायला एक नळी.

सासरे: म्हणजे घराची चाळण. आणि ती नळी गळायला लागली की ओल भिंतीत. मी बघितलंय एकाच्या घरी, कपाट हललं तर मागे शेवाळ.

एसीवाला: त्यांनी कुणाकडून तरी स्वस्तात करून घेतलं असेल.

सासरे: ते बसवणारेही असंच म्हणत होते, आम्ही नीट करतो.

सून: बाबा, बोगद्यात उंदीर, नळीत पाणी. मग करायचं काय? तुम्हीच सांगा.

सासरे: सांगू?

सून: सांगा ना.

सासरे: माझ्या खोलीतला काढायचा आणि तिथेच नवा बसवायचा. मोठा. काय म्हणतात ते, दोन टनांचा.

एसीवाला: फक्त तुमच्या खोलीत?

सासरे: हो.

एसीवाला: काका, त्या खोलीला एवढा मोठा लागत नाही. एका माणसाला दोन टन म्हणजे फार होतं. कुडकुडाल.

सासरे: खोली मोठी आहे. पलंग जरा भिंतीला सरकवला की खाली बरीच जागा होते. पाच-सहा माणसं आरामात मावतात.

एसीवाला: ते मावतात हो, पण...

सासरे: तुमच्या घरी काय आहे? सेंट्रल?

एसीवाला: माझ्या? नाही, म्हणजे... एकच आहे. आईच्या खोलीत.

सासरे: आणि तुम्ही कुठे झोपता?

एसीवाला: तिथेच. मी, बायको, पोरं, सगळे तिथेच. लहान्याला तर झोपायला आजीची कुसच लागते.

सासरे: बघ.

एसीवाला: पण काका, ते आमच्याकडे नाइलाजाने. हौस म्हणून नाही.

सासरे: आईला विचारलंत कधी?

एसीवाला: काय विचारायचं?

सून: अहो, तुम्ही एक काम करा. तुम्हाला गच्ची बघायचीच होती ना? मोठं मशीन कुठे बसेल, वजन पेलेल का, ते बघून या. किल्ली दाराला आहे. वरची कडी जरा अडकते, खांद्याने ढकला.

(एसीवाला मोजपट्टी घेऊन गच्चीवर जातो.)

सून: बसा.

सासरे: बसलेलाच आहे. ओरडणार आहेस का?

सून: ओरडत नाहीये, विचारतेय. उंदीर झाला, बोगदा झाला, चाळण झाली, शेवाळ झालं. त्या बिचाऱ्याच्या आईपर्यंत पोचलात. आता खरं काय ते सांगा.

सासरे: खरं काय असायचंय?

सून: आईंना नको होतं का असलं काही? बोलल्या होत्या तुमच्याशी?

सासरे: ती कशाला नको म्हणेल? गारवा म्हटलं की ती पुढे. पलंगावर एसीसमोरची बाजू मला कधी मिळाली नाही. मागितली की म्हणायची, तुम्हाला सर्दी होते.

सून: होते तुम्हाला.

सासरे: होते. पण ती म्हणायची म्हणून जास्त व्हायची.

सून: मग आम्ही तुम्हाला न विचारता ठरवलं, याचा राग आहे?

सासरे: विचारलंत की. तुझ्या नवऱ्याने विचारलं, तू विचारलंस. मी हो म्हटलं.

सून: हो म्हटलंत आणि आज माणूस आला तर त्याला पळवून लावताय. तुमच्या चिरंजीवांना काय सांगू मी संध्याकाळी? बाबा, हे काही आम्ही आमच्या चैनीसाठी काढलेलं नाही. निम्मं तुमच्यासाठी आहे.

सासरे: माझ्यासाठी? माझ्याकडे एसी आहे.

सून: म्हणूनच. तुमची खोली तुम्हाला मिळावी म्हणून. मागच्या उन्हाळ्यात रोज सकाळी काय म्हणायचात, आठवतंय? ‘हे घर आहे की धर्मशाळा? रात्रभर माझ्या पोटावर कुणाचा पाय होता? तुझा नवरा घोरतो की लाकडं फोडतो?’

सासरे: फोडतोच.

सून: रोज! एक दिवस चुकला नाही. तेव्हा आई हसायच्या, मीही हसायचे. पण आई गेल्यावर तेच आठवायला लागलं. वाटलं, आपण या माणसाला किती वर्षं नीट झोपू दिलं नाही. आणि थंडीत तर तुम्ही झोपतच नव्हतात. स्वयंपाकघरातला दिवा दिसायचा मला दाराच्या फटीतून.

सासरे: पाणी प्यायला उठायचो.

सून: विहिरीवरून आणायचात का?

सासरे: गार पाणी हळू प्यावं लागतं.

सून: म्हणून यांनी आणि मी ठरवलं. यंदा बाबांच्या खोलीत गर्दी करायची नाही. त्यांना झोपू द्यायचं. पोरांना ताकीद दिली. धाकटा रडला, म्हणाला मी एका कोपऱ्यात झोपेन, हलणार नाही. तरी नाही पाठवलं. आता हा उन्हाळा असा आग ओकतोय आणि आम्ही चौघं पंख्याखाली भिजतोय. पंखा तरी काय, गरमच हवा फिरवतो. धाकट्याची पाठ बघितलीत? घामोळ्यांनी लाल झालीय.

सासरे: बघितली. पावडर मीच लावली.

सून: तुम्ही लावलीत?

सासरे: लावून घेत नव्हता. पळत होता. धरून लावली... एवढं उकडत होतं तर आलात का नाहीत?

सून: आत्ता तेच तर सांगितलं.

सासरे: नाही, ते ठरवलंत ते ठरवलंत. पण रात्री जीव नकोसा झाल्यावर यायचं होतं. दार उघडंच होतं.

सून: कुठलं दार?

सासरे: माझ्या खोलीचं. एसी लावायचो आणि दार उघडं ठेवायचो.

सून: ते तुम्ही मुद्दाम उघडं ठेवत होतात?

सासरे: मग काय? चालू एसीत दार उघडं कोण ठेवतं?

सून: अहो, मी रोज येऊन लावत होते!

सासरे: तू?

सून: मीच. म्हटलं बाबा विसरतात, गार हवा सगळी बाहेर जातेय. पाय न वाजवता यायचे, कडीचा आवाज होऊ नये म्हणून पदराने धरून लोटायचे. तुम्ही जागे व्हाल म्हणून.

सासरे: मी जागाच असायचो.

सून: मग बोलला का नाहीत?

सासरे: काय बोलणार? अंधारात कोण ते दिसायचं नाही. मला वाटलं, पोरगा असेल. म्हटलं, येतात आणि बाहेरूनच दार लावून जातात, म्हणजे यांना आत यायचं नाही. त्याची आई होती तोवर ठीक होतं. आता म्हाताऱ्याच्या खोलीत कुणाला झोप लागणार?

सून: बाबा...

सासरे: असू दे आता.

सून: असू दे काय? आम्ही तिकडे घामाने निथळतोय आणि तुम्ही इकडे... एक हाक मारायची होतीत हो.

सासरे: मला नाही येत ते. हाक ती मारायची. सगळं आवरून झालं की पदराला हात पुसत पॅसेजमधे उभी राहायची आणि ओरडायची, चला, आत चला सगळे, गारवा फुकट चाललाय. मग तुम्ही यायचात. आणि आलात की मी कुरकुर करायची. कामं वाटून घेतली होती आम्ही. आता तिचं काम तिच्याबरोबर गेलं, माझ्याकडे राहिली कुरकुर. नुसत्या कुरकुरीवर कोण येतं?

सून: असं नका हो बोलू.

सासरे: आता तू रडू नकोस. तो माणूस खाली येईल, त्याला वाटेल मी काहीतरी बोललो.

सून: बोललातच तुम्ही.

सासरे: मग पदर लाव डोळ्यांना. आणि नाक पण पूस.

सून: तुम्हाला माहीत आहे, माझं आणि आईंचं दिवसा कधी धड पटलं नाही. मीठ जास्त, कणीक सैल, दळण संपलं तर आधी का नाही सांगितलं. सगळं यावरूनच. पण त्या खोलीत, दिवा मालवला की त्या पलंगावरून खाली हात सोडायच्या आणि माझ्याशी बोलायच्या. हळू आवाजात. एसीच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू जायचं नाही. मला दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा मी घाबरले होते. ते मी यांच्याही आधी त्यांना सांगितलं. त्या अंधारात.

सासरे: मला ऐकू यायचं.

सून: काय?

सासरे: सगळं. मी एसीच्या पलीकडच्या बाजूला असायचो. त्या बाजूला आवाज कमी येतो.

सून: म्हणजे चिरंजीवांच्या आधी तुम्हाला कळलं होतं?

सासरे: कुणाला बोललो का? आजपर्यंत?

सून: कमाल आहे तुमची!... मलाही यंदा त्या खोलीची आठवण येते. पण मी कुणाला सांगणार? सून सासऱ्याला कसं म्हणणार, आम्हाला तुमच्या खोलीत झोपू द्या?

सासरे: हं.

सून: पण बाबा, एक गोष्ट मी लपवणार नाही. थोरली यायची नाही. हे सेंट्रलचं खूळ निम्मं तिचंच आहे. तिला तिची खोली हवीय, दार लावून. अभ्यास आहे, वयही तसलंच आहे. म्हणाली, मी आता जमिनीवर झोपून धाकट्याच्या लाथा खाणार नाही.

सासरे: माहीत आहे.

सून: तुमच्याशी बोलली?

सासरे: बोलायला कशाला हवं? मागच्याच वर्षी तिने आपली गादी जरा बाजूला ओढून घेतली होती. बोटभर. आम्ही दोघांनी बघितलं, एकमेकांकडे बघितलं, बोललो काही नाही. म्हणून तर मी हो म्हटलं. पोरगी उकाड्यात बसून अभ्यास करते, पानावर घाम टपकतो. तिच्या खोलीत गारवा हवाच. ते हो मनापासूनच होतं.

सून: मग?

सासरे: मग आज हा माणूस मोजपट्टी घेऊन खरंच आला. भिंतीला लावून मोजायला लागला. तेव्हा वाटलं, हे एकदा बसलं की संपलं. घरभर गार. कुणाला कुणाच्या खोलीत जायचं कारणच उरणार नाही. यंदाच्या उन्हाळ्याची मी वाट बघत होतो गं. थंडी कशीबशी काढली. म्हटलं, उकडायला लागलं की येतील.

एसीवाला: झालं बघून! गच्ची एकदम मस्त आहे, काका. पाण्याच्या टाकीमागे सावली आहे, तिथेच बसवू. कडी मात्र खरंच अडकते, आत्ता कोंडलाच जात होतो... काय झालं ताई?

सून: काही नाही. कांदा चिरत होते.

एसीवाला: इथे? बैठकीत?

सासरे: आमच्याकडे कुठेही चिरतात. तुम्ही बसा. मला सांगा, तो पहिला, बोगद्याचा. त्यात सगळ्या घराला मिळून आकडा एकच ना?

एसीवाला: एकच. चोवीस लावलं की घरभर चोवीस.

सासरे: मग तो नको.

एसीवाला: उंदीर?

सासरे: उंदीर राहू द्या. थोरलीला गार सोसत नाही. झोपताना चादर कमरेपर्यंत असते, पहाटे डोक्यावरून. धाकट्याच्या अंगावर हातरुमाल टाकला तरी लाथाडतो. आणि रात्रीत गोल फिरतो, डोकं होतं तिथे पाय. हिच्या नवऱ्याचं तर विचारू नका. आल्या आल्या ‘वाढवा, वाढवा’ करतो आणि पहाटे कुडकुडत दुसऱ्याची चादर ओढतो.

सून: माझीच.

सासरे: तुझीच. आणि तू रात्रभर उशी उलटी करत असतेस. गार बाजू वर आली की मग झोपतेस. ती गरम झाली की परत उलटी.

सून: म्हणजे तुम्ही झोपतच नव्हतात?

सासरे: झोपायला काय, बाकीचं वर्ष असतंच की.

सून: आणि सकाळी उठून आम्हाला बोलायचात, झोप झाली नाही म्हणून!

सासरे: झालेली नसायचीच. खोटं कुठे बोललो?

एसीवाला: काका, मी एवढी वर्षं घरं मोजतोय. कुणाला किती गार लागतं विचारलं की माणसं एकमेकांकडे बघत बसतात. तुम्ही तर एका दमात सांगितलंत. मग दुसराच करायचा. ज्याचा त्याचा रिमोट. थोरलीच्या खोलीत सव्वीस, या ताईंच्या खोलीत भांडण.

सासरे: त्यांचं ते बघतील. भोकं पाडा, पण आधी कुठे पाडणार ते खडूनं खुणा करून दाखवायचं. आणि नळीला उतार नीट द्यायचा.

एसीवाला: शंभर टक्के. आणि तुमच्या खोलीतलं हे जुनं धूड काढून नेतो.

सासरे: ते राहू द्या.

एसीवाला: कशाला काका? नवं बसल्यावर याचं काय काम?

सासरे: हे तुमचं मशीन गच्चीत एकच ना? ते बिघडलं तर?

एसीवाला: तर... हो, ते तेवढं एक आहे. ते बंद पडलं की घरभर बंद.

सासरे: अख्खं घर?

एसीवाला: अख्खं. अशा वेळी एखाद्या खोलीत जुना असलेला बरा, हे मात्र खरं. सगळ्यांना तिथे झोपता येतं.

सासरे: बरं. आणि साधारण किती वेळा बिघडतं?

एसीवाला: नाही हो! आमचं काम तसलं नसतं. वर्षानुवर्षं बघायला नको.

सासरे: अजिबात बिघडत नाही?

एसीवाला: अजिबात. लिहून देतो.

सासरे: एखाद् वेळेस तरी?

सून: बाबा, गरज नाही. मी आहे ना. गच्चीतलं बटण मला सापडेल.

एसीवाला: ताई, बटण बंद करून काय करायचं?

सून: शनिवारी सुट्टी द्यायची त्याला.

एसीवाला: मशीनला सुट्टी लागत नाही.

सून: मशीनला नाही हो... जुना राहू द्या. साफ करून द्या तेवढा. आवाज कमी करू नका.

एसीवाला: आवाज कमी करू नका! हे मला पहिल्यांदाच कुणी सांगतंय. बरं. फक्त एक आहे. आत्ता भर उन्हाळ्यात आमच्याकडे माणसं कमी पडतात. सगळीकडे कामं निघालीत. तुमचं सुरू करायलाच महिना लागेल. रागावू नका.

सासरे: छे, छे. सावकाश करा.

एसीवाला: सावकाश?

सासरे: घाईत केलेलं काम गळतं. नीट करा. महिन्याचे दोन झाले तरी चालतील.

सून: दोन नाही. थोरलीचा अभ्यास आहे. एक महिना. तिची खोली आधी करा, बाकीच्या मागून.

सासरे: हो, तिची आधी. ते बरोबर आहे. बाकीच्यांची घाई नाही.

एसीवाला: असं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही, काका. येतो. खुणा करायला येईन तेव्हा फोन करतो.

सासरे: या. आणि आईला विचारा.

एसीवाला: काय विचारू, ते सांगा तरी एकदा.

सासरे: काही विचारू नका. लहान्याला तिच्या कुशीतून काढू नका, बस.

सून: या हो. जपून, पायरीला कुंडी आहे... गेला. भला माणूस आहे.

सासरे: बोलतो फार.

सून: महिनाभर काय करायचं बाबा, या उकाड्यात?

सासरे: मला कशाला विचारतेस?

सून: मग कुणाला विचारू? घरातलं मोठं माणूस आता तुम्हीच.

सासरे: तू सांग पोरांना. तुझं ऐकतात.

सून: मी नाही सांगणार. मीच नको म्हणून सांगितलं होतं, आता परत मीच कशी सांगू? तुम्ही सांगायचं.

सासरे: मला जमायचं नाही. काय म्हणू? या म्हणू?

सून: ‘या’ म्हटलंत तर घाबरतील. तुम्ही तुमच्या पद्धतीनेच सांगा.

सासरे: आणि नाही म्हणाले तर?

सून: धाकटा? तो आत्ता, भर दुपारी, उशी घेऊन येईल.

सासरे: थोरली नाही म्हणाली तर?

सून: ते मी सांगू शकत नाही. खोटं कशाला बोलू?... फाटक वाजलं. आले दोघं शाळेतून. उठू नका, इथूनच हाक मारा. मी आत जाते.

सासरे: तू कुठे चाललीस? थांब ना इथे.

सून: कांदा चिरायला.

सासरे: अगं... अरे ए! बूट बाहेर! सगळ्या घरभर माती करताय, कितीदा सांगायचं? दप्तर जागेवर ठेवा. आणि इकडे या दोघं. पंख्याखाली नाही, इकडे, माझ्यासमोर. ऐका. आज रात्री पाठ थंड पाण्याने धुतल्याशिवाय माझ्या खोलीत कुणी पाय टाकायचा नाही. कळलं? आपापली गादी आपण आणायची, मी कुणाची उचलणार नाही. आणि बापाला सांगा, घोरायचं असेल तर कुशीवर... अरे, उशी आत्ता कशाला आणतोस? रात्री म्हटलं मी, रात्री! सोड, मान सोड माझी, घाम आलाय... हो, हो, तुझी जागा तीच. आणि तू गं? तू कशाला तोंड पाडतेस? तुला यायलाच हवं असं नाही म्हटलं मी. तू तुझ्या खोलीत अभ्यास कर. फारच उकडलं, तर ये. मी जागा असतो.